अमेरिकेत वॉरंट निघालंय आणि लायसन्स काढायचंय? आधी कोर्ट, मग डीएमव्ही

व्हिसावर राहणाऱ्या माणसाचं लायसन्स अमेरिकेत फार काळ टिकत नाही. इथल्या नागरिकाला एकदा कार्ड मिळालं की बहुतेक राज्यांत चार ते आठ वर्षं बघायला नको. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावाल्याच्या कार्डावर मात्र साधारणपणे त्याच्या राहण्याच्या परवानगीचीच शेवटची तारीख छापून येते, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी डीएमव्हीची, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मोटार वाहन खात्याची, वारी चुकत नाही. आणि अडकायचं ते तिथेच अडकतं. नंबर लागतो, पासपोर्ट, भाडेकरार, विजेचं बिल सगळं पुढे सरकवून होतं, आणि काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघत सांगतो की तुमच्या रेकॉर्डवर होल्ड आहे, कोर्टाकडून क्लिअर करून आणा. कुठलं कोर्ट? तर तीन वर्षांपूर्वी शिकत असताना ज्या गावाजवळून गाडी हाणत गेला होतात, त्या गावचं.

अशा वेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, काही होत नाही, दुसऱ्या राज्यात जाऊन नवीन काढ. दुसरा म्हणतो, डीएमव्हीत पाय ठेवलास की बेड्या. पहिला सल्ला बहुतेक वेळा फसतो, दुसरा बहुतेक वेळा अतिशयोक्ती ठरतो. या गोंधळात खरं काम राहून जातं. तिकिटाची तारीख चुकली आणि वॉरंट निघालं, ही गाठ कोर्टात बसलेली असते आणि ती तिथेच सुटते. खाली दिलेली माहिती वकिलाच्या सल्ल्याची जागा घेत नाही, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं एवढं तरी त्यातून कळेल.

वॉरंट मुळात निघतं कसं

पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिकीट, म्हणजे चलान, दिलं की बऱ्याच राज्यांत त्यावर तुमची सही घेतात. ती सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नसते. अमुक तारखेपर्यंत कोर्टात हजर राहीन किंवा उत्तर देईन, एवढंच ते वचन असतं. तारीख कागदावरच कुठेतरी बारीक अक्षरांत असते. ती चुकली की न्यायाधीश गैरहजेरीबद्दल वॉरंट काढू शकतो. यालाच बेंच वॉरंट म्हणतात. अनेक राज्यांत गैरहजेरी हा स्वतंत्र गुन्हाही धरतात, म्हणजे एका तिकिटाच्या दोन केसेस.

आपल्याकडची सवय इथे नडते. पुण्या-नागपुरात ई-चलान साठत राहतं, लोकअदालतीची नोटीस येते, तिथे काहीतरी तडजोड होते. तोच हिशेब डोक्यात ठेवून इथलं तिकीट गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकून दिलं, की काही महिन्यांत प्रकरण दंडाचं न राहता हजेरीचं होऊन बसतं.

दुसरं कारण पत्ता. विद्यार्थी वर्षाला अपार्टमेंट बदलतो आणि कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. पत्ता बदलल्यावर डीएमव्हीला कळवायची मुदत कॅलिफोर्नियात १० दिवस, टेक्ससमध्ये ३० दिवस, न्यू जर्सीत जेमतेम एक आठवडा आहे. 'नोटीस मिळालीच नाही' हे न्यायाधीशाला सांगता येतं आणि पुष्कळदा तो ऐकूनही घेतो, पण तोवर वॉरंट निघालेलं असतं.

तिसरा सापळा म्हणजे जे तिकीट साधं वाटतं पण नसतं. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा सरसकट ८५ मैलांच्या वर गाडी चालवली तर तो रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंगचा गुन्हा होतो. तो क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी स्वरूपाचा गुन्हा, आहे आणि त्याला १२ महिन्यांपर्यंत कैद व २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. असं प्रकरण ऑनलाइन पैसे भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. वॉशिंग्टन डीसीहून दक्षिणेकडे निघालेल्या देशी पोरांना हे तिकीट हातात पडेपर्यंत ठाऊक नसतं.

आणि आपल्यालाच कसं हे झालं, अशी लाज धरण्याचं कारण नाही. मिझुरीतल्या फर्ग्युसन या सुमारे २१ हजार वस्तीच्या गावाबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. तिथल्या म्युनिसिपल कोर्टाने २०१३ या एका आर्थिक वर्षात ९,००० हून जास्त वॉरंटं काढली होती. पार्किंग, ट्रॅफिक, घराच्या आवारातलं गवत असल्या किरकोळ बाबी त्यांच्या मुळाशी होत्या.

एक मात्र वेगळं समजून घ्या. कुणी तक्रार केली, पोलिसांनी तपास केला आणि न्यायाधीशाने अटकेचं वॉरंट काढलं, तर ते प्रकरण ट्रॅफिकचं नाही. त्यात लायसन्सचा विचार सोडा आणि थेट क्रिमिनल वकील गाठा. इथून पुढचं सगळं मुख्यतः चुकलेल्या तारखेच्या वॉरंटाबद्दल आहे.

डीएमव्हीला वॉरंट दिसतं का?

सगळीकडे सारखं दिसत नाही. लायसन्स हा राज्यांचा विषय असल्यामुळे पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत, आणि अडवणूक साधारण तीन वाटांनी येते.

काही राज्यांत कायदाच सांगतो की वॉरंट असलेल्याला लायसन्स देऊ नका. ओहायो हे त्याचं स्पष्ट उदाहरण. तिथल्या कोर्टाने ठरवलं तर ते वॉरंटाची माहिती मोटार वाहन खात्याला कळवतं. त्यानंतर वॉरंट उरलेलं नाही असं कोर्टाने कळवेपर्यंत लर्निंग परमिट, नवीन लायसन्स, नूतनीकरण यातलं काहीच होत नाही. गाडीची नोंदणीही अडते. याला तिथे वॉरंट ब्लॉक म्हणतात. हे कोर्टाच्या मर्जीवर असल्यामुळे एका गावाचं वॉरंट अडवतं, शेजारच्या गावाचं अडवत नाही.

दुसरी वाट जास्त वापरातली. वॉरंट राहतं बाजूला, पण ज्या चुकलेल्या तारखेमुळे ते निघालं त्याच तारखेमुळे लायसन्सही सस्पेंड होतं किंवा नूतनीकरण थांबतं. टेक्ससमध्ये कोर्टं ओम्नीबेस नावाच्या यंत्रणेमार्फत डीपीएसला (तिथे लायसन्स देणाऱ्या खात्याला) कळवतात आणि डीपीएस नूतनीकरण नाकारते. केस मिटवल्यावर प्रत्येक गुन्ह्यामागे १० डॉलरची वेगळी फी भरली की होल्ड उठतो. फ्लोरिडात याला डी-सिक्स सस्पेन्शन म्हणतात. काउंटरवर तुम्हाला 'वॉरंट' हा शब्द कदाचित ऐकूच येणार नाही. होल्ड, सस्पेन्शन, ब्लॉक यातलं काहीतरी ऐकू येईल, आणि पाठीमागे वॉरंट आहे हे तुमचं तुम्हालाच ओळखावं लागेल.

तिसरी वाट राज्याराज्यांतली. दुसऱ्या राज्यात जाऊन नवीन लायसन्स काढण्याची युक्ती इथे फसते. नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर ही केंद्र सरकारची यादी आहे. कुठल्याही राज्यात लायसन्स सस्पेंड झालं, रद्द झालं, नाकारलं गेलं तर त्या माणसाचं नाव तिथे येतं, आणि नवीन राज्य लायसन्स देण्याआधी ती तपासतं. या यादीत वॉरंट नसतं, सस्पेन्शन असतं. पण परिणाम तोच: आधी जुन्या राज्याचं मिटवून या. शिवाय नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट नावाचा १९७७ चा करार आहे. ४४ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी त्यात आहेत. परराज्यातल्या तिकिटाला उत्तर दिलं नाही तर तुमचं स्वतःचं राज्य तुमचं लायसन्स सस्पेंड करतं. कॅलिफोर्निया, मिशिगन, विस्कॉन्सिन, ओरेगन, मोंटाना आणि अलास्का त्याबाहेर आहेत. त्यावर भिस्त ठेवू नका, कारण वॉरंट ज्या राज्याने काढलं तिथे ते उभंच राहतं.

गेल्या काही वर्षांत हवा थोडी बदलली आहे. नुसता दंड भरला नाही म्हणून लायसन्स काढून घेणं कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये थांबवलं, न्यूयॉर्कने २०२१ मध्ये. पैसे न भरणं आणि हजर न राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सवलत मुख्यतः पहिल्या गोष्टीला मिळाली आहे.

काउंटरवर अटक होते का? डीएमव्हीचे कर्मचारी बहुतेक राज्यांत पोलीस नसतात आणि त्यांचं लक्ष कागदांवर असतं. पण टेक्ससमध्ये लायसन्स देणारं डीपीएस हेच हायवे पेट्रोल चालवणारं पोलीस खातं आहे, हे विसरू नका. तिथे वॉरंट डोक्यावर ठेवून जाणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

स्टेट आयडीचं काय?

हे त्या मानाने सोपं आहे. सस्पेन्शन हे गाडी चालवण्याच्या परवानगीवर असतं, ओळखीवर नाही. त्यामुळे बहुतेक राज्यं लायसन्स सस्पेंड असलेल्यालाही स्टेट आयडी (राज्याचं नुसतं ओळखपत्र) देतात, फक्त जुनं लायसन्स परत घेतात, कारण रिअल आयडीच्या (केंद्र सरकारच्या निकषांनुसार दिलेल्या लायसन्स-ओळखपत्राच्या) नियमानुसार एका माणसाकडे असं एकच कार्ड असू शकतं. ओहायोसारखा ब्लॉकही लायसन्स आणि नोंदणीवर आहे.

७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी रिअल आयडी सक्तीचा झाल्यावर लोक घाबरून आयडीच्या मागे लागले. आपला भारतीय पासपोर्ट सुरक्षा तपासणीत चालतो. तेव्हा विमान पकडायचं म्हणून वॉरंट न मिटवता घाईने डीएमव्हीत जायची गरज नाही.

आधी शोधा, आणि घरात बसून शोधा

वॉरंट आहे का हे विचारायला पोलीस ठाण्यात जाऊ नका. आहे असं निघालं तर तुम्हाला बसवून घेणं हे त्यांचं कामच आहे. तिकिटावर कोर्टाचं नाव आणि सायटेशन नंबर असतो. तिकीट हरवलं असेल तर ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) थांबवलं होतं त्या काउंटीच्या आणि गावाच्या कोर्टाची केस सर्च बघा. न्यू जर्सीत म्युनिसिपल कोर्टांची तिकिटं एकाच सरकारी साइटवर बघता येतात. टेक्ससमध्ये प्रत्येक शहराचं वेगळं असतं.

इथे आपली नावं घोळ घालतात. समजा पासपोर्टवर गिव्हन नेम 'राहुल सुरेश' आणि आडनाव 'पाटील' आहे. पोलिसाने सुरेश हे मधलं नाव धरलं असेल, नुसतं एस लिहिलं असेल, किंवा राहुलसुरेश असं जोडून टाकलं असेल. स्पेलिंग एका अक्षराने बदललं तरी शोधात काही येत नाही आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. म्हणून सगळ्या जोड्या करून बघा, जन्मतारखेनेही शोधा, आणि आपण दिवस आधी लिहितो तर इथे महिना आधी लिहितात हे लक्षात ठेवा. पाटील, जोशी, शाह ही आडनावं इथे ढिगाने आहेत. दुसऱ्याचंच वॉरंट तुमच्या नावावर दिसलं, तर जन्मतारीख, उंची, पत्ता जुळवून वकिलामार्फत कोर्टाला दाखवा.

कुठल्या राज्यात काय अडकलंय हेच आठवत नसेल तर नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरकडे नोटरी केलेलं पत्र पाठवून स्वतःची नोंद मोफत मागवता येते. कुठल्या राज्याने नाव टाकलंय एवढं त्यात कळतं, पुढचं त्या राज्याकडून आपल्या ड्रायव्हिंग रेकॉर्डची प्रत काढून बघायचं.

वकील, आणि त्याला विचारायचे प्रश्न

वकील त्याच काउंटीतला घ्या. त्या कोर्टात रोज उभा राहणाऱ्याला न्यायाधीशाची पद्धत माहीत असते. ट्रॅफिकचे बरेच वकील ठरावीक रकमेत केस घेतात, आणि पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर मदत केंद्र असतं, तिथे आधी विचारा. बऱ्याच कोर्टांत वकील तुमच्या वतीने वॉरंट मागे घेण्याचा अर्ज करतो आणि छोट्या प्रकरणात तुम्हाला जावंही लागत नाही.

विचारायचं ते असं: वॉरंट रद्द होऊन मूळ तिकिटाला नवी तारीख मिळेल का? गैरहजेरीची वेगळी केस लावली आहे का, आणि ती काढून टाकता येईल का? जामिनाची रक्कम भरावी लागेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या निकालाचा माझ्या व्हिसावर काय परिणाम होईल? २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नागरिक नसलेल्या अशिलाला गुन्हा कबूल करण्याचे इमिग्रेशनवरचे परिणाम सांगणं हे फौजदारी वकिलाचं काम आहे. तरी ट्रॅफिकवाल्या वकिलाला इमिग्रेशनची जाण बेताचीच असते. प्रकरण मिसडिमीनर असेल तर इमिग्रेशन वकिलाशी अर्धा तास बोलण्याचे पैसे वाचवू नका.

वकील परवडत नसेल आणि तिकीट खरंच किरकोळ असेल, तर कोर्टाच्या क्लार्कला फोन करून विचारा की स्वतःहून येणाऱ्यांसाठी ठरलेला दिवस आहे का. टेक्ससमधली कित्येक म्युनिसिपल कोर्टं सांगतात की वॉरंट मिटवायला आपणहून आलेल्याला आम्ही अटक करत नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला तिथे वॉरंट राउंडअपची, म्हणजे वॉरंट असलेल्यांना पकडण्याची, मोहीम होते, त्याआधी गेलेलं बरं. दंड एकदम भरता येत नसेल तर हप्ते मागा. ऐपत न तपासता निव्वळ दंड न भरल्याबद्दल तुरुंगात टाकता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९८३ पासून आहे.

पटकन पैसे भरून मोकळं होऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ऑनलाइन दंड भरणं म्हणजे बहुधा गुन्हा कबूल करणं. साध्या स्पीडिंगला त्याने पॉइंट आणि इन्शुरन्सचा फटका बसतो, एवढंच. पण मिसडिमीनरला 'नो कॉन्टेस्ट' (आरोप कबूल न करता, पण न लढवता) म्हणून डिफर्ड अॅडज्युडिकेशन (निकाल लांबवून, अटी पाळल्या की केस रद्द) घेतलं, तर राज्याच्या कागदावर केस रद्द झालेली दिसते आणि इमिग्रेशनच्या कायद्यात तीच दोषसिद्धी ठरू शकते. वकील म्हणाला की रेकॉर्डवर काही राहणार नाही, तरी 'कुठल्या रेकॉर्डवर' हे विचाराच.

हा प्रश्न किती खरा आहे ते २०२५ च्या वसंतात दिसलं. सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावं एफबीआयच्या एनसीआयसी या गुन्हे-वॉरंटांच्या यादीशी ताडून हजारोंच्या सेव्हिस नोंदी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी, बंद केल्या. त्यांत काहींचं प्रकरण ट्रॅफिकचं होतं, काहींची केस तर केव्हाच रद्द झाली होती. देशभर दावे लागले आणि एप्रिलच्या शेवटी सरकारने नोंदी परत सुरू करायला घेतल्या. किरकोळ ट्रॅफिकची सगळीच वॉरंटं एनसीआयसीत जात नाहीत. पण विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ती यादी बघतो, आणि मुंबईत व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना भराव्या लागणाऱ्या डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का, हा प्रश्न असतोच.

कागद हातात घेतल्याशिवाय कोर्टातून निघू नका

दोन कागद लागतात. एक, कोर्टाचं क्लिअरन्स पत्र, ज्यावर केस नंबर आणि वॉरंट मागे घेतल्याची तारीख हवी. दुसरा, निकालाची सर्टिफाइड प्रत. पहिला डीएमव्हीसाठी, दुसरा पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जासाठी. दुसऱ्याच्या दोन-तीन प्रती घ्या, कारण जुन्या छोट्या केसेसचे कागद कोर्टं काही वर्षांनी नष्ट करतात आणि मग 'कागद उपलब्ध नाहीत' असं पत्र मिळवायला वेगळी खटपट होते.

कोर्टाने रद्द केलं म्हणजे सगळीकडून नाव गेलं असं धरू नका. शेरीफच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या) यादीत ते काही दिवस तसंच राहू शकतं. पत्राचा फोटो फोनमध्ये आणि मूळ प्रत गाडीत ठेवा.

आता डीएमव्ही

कोर्टाने डीएमव्हीला कळवलं का ते आधी ऑनलाइन स्टेटस बघून खात्री करा. मगच अपॉइंटमेंट घ्या. सस्पेन्शन झालं असेल तर लायसन्स परत चालू करायची रीइन्स्टेटमेंट फी वेगळी लागते. न्यू जर्सीत ती १०० डॉलर आहे. ती भरेपर्यंत दंड भरलेला असला तरी लायसन्स सस्पेंडच राहतं. होल्ड दुसऱ्या राज्याचा असेल तर आधी त्या राज्याची फी भरून तिथलं क्लिअरन्स घ्यावं लागतं, मग आपल्या राज्यात अर्ज.

अर्जात 'तुमचं लायसन्स कुठल्याही राज्यात सस्पेंड आहे किंवा होतं का' असं विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहू नका. खाली सही शपथेवर असते, आणि मूळ स्पीडिंगपेक्षा ती खोटी सही इमिग्रेशनच्या फाइलमध्ये कितीतरी वाईट दिसते.

मधल्या काळात गाडी चालवू नका. सस्पेंड लायसन्सवर गाडी चालवणं बहुतेक राज्यांत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मागचा एक दिवा गेला म्हणून थांबवलेल्या गाडीतच वॉरंट उघडं पडतं. भारतीय लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट दाखवून वेळ मारून नेता येते हा समजही काढून टाका. त्या राज्यात तुमची परवानगी सस्पेंड असेल तर परदेशी कागदाने ती परत येत नाही.

फोन आला तर

'तुमच्या नावावर वॉरंट आहे, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा, नाहीतर तासाभरात अटक' असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या. कुठलंही कोर्ट गिफ्ट कार्डने किंवा क्रिप्टोने दंड घेत नाही. शंका राहिलीच तर कोर्टाचा नंबर स्वतः शोधून क्लार्कला फोन करा, आलेल्या नंबरवर उलट फोन करू नका.

भारतात परत गेला असाल तर

ट्रॅफिकचं वॉरंट आपोआप संपत नाही. पाच-सात वर्षांनी नवीन व्हिसा घेऊन परत येताना ते तसंच उभं असतं. मात्र बऱ्याच छोट्या प्रकरणांत वकील तुमच्या गैरहजेरीत अर्ज करू शकतो, आणि काही कोर्टं झूमवर हजेरी चालवून घेतात. वकिलासाठीचं अधिकारपत्र कोर्टाला कसं हवं, नोटरी चालेल की आणखी काही, हे क्लार्ककडून आधी लेखी मागवा. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.